राहुकाळातल्या चकरा

परवा माझ्या धाकट्या नातीने गाडीच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाल्याचे पेढे वाटले आणि वर मला विचारलं, "आजी, तू पण पहिल्यांदाच पास झाली असशील ना?" माझ्या तोंडात पेढा होता, म्हणून मी नुसती मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली ते विचारू नका. म्हणून आता लिहूनच टाकते.

लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. माहेर साताऱ्याचं. सासर तंजावरच्या मराठी मंडळींचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहून मग नोकऱ्यांसाठी मैलापूरला आलेलं. घरात मराठी, दारात तमिळ आणि मामंजींना राग आला की इंग्रजी. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. अम्मांना रागावण्यासाठी मराठी पुरत असे.

घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, आणि मला त्या घरात क्षणभर बसवत नव्हतं. स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून गच्चीवर, गच्चीवरून पुन्हा खाली. "अगो, पायाला भिंगरी बांधून पाठवलीय का तुझ्या आईने?" अम्मा विचारायच्या. आमचे हे महिन्यातले वीस दिवस मदुरै, तिरुनेलवेली असे फिरतीवर. ते फिरायचे आणि पगार मिळवायचे, मी फुकट फिरायची. तेसुद्धा जिन्यावरून.

आणि मागच्या शेडमध्ये एक गाडी नुसती उभी होती. एका डॉक्टरांकडून मामंजींनी जुनी घेतलेली, काळी, कासवासारख्या पाठीची. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. ह्यांना गाडीत रस नव्हता. अम्मांचं म्हणणं, विकून टाका. एक गाड्यांचा दलाल महिन्यातून दोनदा येऊन ओसरीवर बसायचा आणि गाडीकडे असा बघायचा, जसा व्याही उपवर मुलीकडे बघतो.

एक दिवस मी जेवताना बोलून गेले, "मी शिकते चालवायला."

अम्मांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. मामंजी मात्र म्हणाले, "शिकू दे की. मी शेजारी बसेन. मला समोरचं दिसत नाही, पण गिअरचा आवाज ऐकू येतो."

अशी मी शिकले. दोन महिने, अर्धआंधळ्या मास्तरांकडून. अम्मांनी अट घातली ती मात्र पक्की होती. "परीक्षा एकदाच. पास झालीस तर गाडी राहील. नाही झालीस तर त्याच दुपारी दलाल गाडी घेऊन जाईल. मी त्याला सोमवारी बाराला बोलावलंय."

मला कुठे जायचं होतं, असं विचाराल तर सांगता येणार नाही. मला जायचं होतं. गाडी गेली असती तर उरला असता फक्त जिना.

परीक्षा सोमवारी सकाळी दहाला, एग्मोरच्या बाजूच्या एका मैदानावर. रविवारी अम्मांनीच गाडीची पूजा केली. नको म्हणायचं, पण पूजेत कसूर नाही, असा त्यांचा स्वभाव. बॉनेटवर हळदीकुंकू लावलं, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं आणि बजावलं, "आता ही हलेल ती परीक्षेलाच. कोणी हात लावायचा नाही."

कोणी म्हणजे कोणी नाही, हे मला कळत होतं. तरी संध्याकाळी सगळे देवळात गेल्यावर मी शेडमध्ये शिरले, गाडीत बसले आणि हाताने इशारे करायची तालीम केली. त्या काळी वळताना, थांबताना खिडकीतून हात बाहेर काढून दाखवायला लागायचा. शेडमध्ये अंधार होता, म्हणून डॅशबोर्डवरची दिव्याची खुंटी थोडी ओढली. खुंटी एक टप्पा ओढली की पुढचे छोटे दिवे लागायचे, दोन टप्पे ओढली की मोठे. त्या मिणमिणत्या उजेडात मी तासभर भिंतीला उजवीकडे वळते, डावीकडे वळते, थांबते, असं सगळं सांगितलं. भिंत फार समजूतदार होती. मग फाटक वाजलं आणि मी पळाले.

सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ. मद्रासमध्ये आणखी काही माहीत नसलं तरी चालेल, पण आज राहुकाळ कधी हे माहीत असावं लागतं. त्या दीड तासात शुभ कामाला घर सोडायचं नाही. नऊनंतर निघून एग्मोरला आरामात पोचलो असतो. पण अम्मा म्हणाल्या, राहुकाळ संपायची वाट बघत बसणं म्हणजे त्याला घरात बसवून घेणं. सव्वासातलाच निघायचं.

"आमच्या साताऱ्याला अशा वेळी प्रस्थान ठेवतात," मी शहाणपण केलं. "माझी पिशवी वेळेत शेजारी नेऊन ठेवते, मी नऊला निघते."

"परीक्षा तू देणार की पिशवी?" अम्मा म्हणाल्या.

सातला मी आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून चाकामागे बसले. मामंजी शेजारी. किल्ली फिरवली, सेल्फचं बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक. इग्निशनचा लाल दिवा काजव्याएवढा.

"बॅटरी बसली," मामंजी म्हणाले. "आश्चर्य आहे. शनिवारी तर खणखणीत होती."

काल पळताना खुंटी आत ढकलायची राहिली होती. रात्रभर दिवे. मी हळूच हात पुढे नेला आणि मामंजींना न दिसेल अशा बेताने खुंटी सरकवली. त्यांना दिसलंच नसतं म्हणा, पण चोराच्या मनात चांदणं. खुंटी सरकल्याचा आवाज आला, मला हायसं वाटलं.

हँडल मारून गाडी चालू करता आली असती. पण आदल्या दिवाळीत हँडल उलटं फिरून मामंजींचा अंगठा मोडला होता, आणि अम्मांनी ते हँडल भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं, वर दोन इडल्या.

"मग ढकला," अम्मा ओसरीवरून म्हणाल्या. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला. दारात म्हैस बांधून धार काढणारा दूधवाला हात पुसत आला. समोरचे पेन्शनर कोट घालून आले, कारण ते कोटाशिवाय काहीच करत नसत. तिघांनी गाडी शेडमधून मागे ओढून अंगणात फिरवली, फाटकाकडे तोंड केलं. लिंबं फुटली. मामंजींनी मला समजावलं, "दुसरा गिअर टाक. क्लच पूर्ण दाबून धर. गाडी पळायला लागली की मी सांगेन, तेव्हा क्लच सोड. आधी नाही."

"तळ्ळु! तळ्ळु!" इस्त्रीवाला ओरडला. ढकला, ढकला. गाडी फाटकाबाहेर गेली. मी घाबरून क्लच लगेच सोडला. गाडीने आचका दिला, पेन्शनर मागच्या काचेवर आपटले.

"आधी नाही म्हटलं ना!"

दुसऱ्यांदा मी सोडलाच नाही. तिसऱ्यांदा गाडी गल्लीच्या टोकापर्यंत पळाली, मामंजींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली, मी पाय काढला. गाडी खोकली, हादरली आणि चालू झाली. मागे टाळ्या पडल्या. मी वळून बघणार होते.

"मागे काय बघतेस? पुढे बघ! मला दिसत नाही, निदान तू तरी बघ!"

सात पंचवीस. राहुकाळाच्या आधी घर सोडलं. पण आता दुसरंच संकट. परीक्षेला अडीच तास होते आणि इंजिन बंद करायची सोय नव्हती. घरी परतलो तर निघणं रद्द. मैदानावर जाऊन उभं राहावं तर इंजिन नुसतं गुरगुरत ठेवून बॅटरी भरत नाही, आणि बंद पडलं तर राहुकाळात पुन्हा ढकलून चालू करणं म्हणजे नवी सुरुवात. मामंजी इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ, पण तेही म्हणाले, "विषाची परीक्षा कशाला? फिरत राहू. चालत्या गाडीत बॅटरी भरेल. दहापर्यंत थांबायचं नाही."

जिला बसवत नव्हतं तिला देवाने अडीच तास बसवलं. आणि थांबायची मनाई केली.

लझच्या चौकावरून सांतोम, सांतोमवरून समुद्राकाठचा मरीनाचा रस्ता, तो संपेपर्यंत सरळ, मग वळून पुन्हा सांतोम. एक चक्कर, दोन चकरा. माझा वेग बैलगाडीपेक्षा जरा बरा. चौकात पोलिसाने हात केला की आमची कसरत सुरू. माझा डावा पाय क्लचवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, कारण तो सोडला की इंजिन मरायला टेकायचं. ब्रेकला पाय उरायचा नाही. म्हणून हँडब्रेक मामंजींकडे. मी "धरा!" म्हटलं की ते ओढायचे, "सोडा!" म्हटलं की सोडायचे. सुनेने सासऱ्याला असं हुकमात वागवलेलं साताऱ्यात कोणी पाहिलं असतं तर मला माहेरी परत बोलावून घेतलं असतं.

आणि लोक! समोरून येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघून हात उंच करायचा आणि पाचही बोटं उघडमीट, उघडमीट करायचा. सायकलवाले, बसचे ड्रायव्हर, एक हातगाडीवाला. मला वाटलं, बाई गाडी चालवतेय म्हणून चिमणी उडवल्यासारखं करून चिडवतायत. उड, घरी जा.

"काय म्हणतायत ते?" मामंजींनी डोळे बारीक करून विचारलं. "हात हलवतायत का?"

"टवाळ आहेत, मामंजी. तुम्ही लक्ष देऊ नका."

मी लक्ष दिलं नाही. निदान पहिल्या तीन चकरांत. चौथ्या चकरेला एक कपाळाला गंध लावलेला सभ्य म्हातारा सायकल थांबवून दोन्ही हातांनी उघडमीट करू लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याला तशीच बोटं उघडमीट करून दाखवली. तो बिचारा हात जोडून बाजूला झाला. मी खूश. चांगली जिरवली, असं मनातल्या मनात म्हणाले. काय सांगू, तेव्हाच्या त्या मुलीच्या आत्ता एक लगावून द्यावीशी वाटते.

"ॲमीटरचा काटा कुठे आहे?" मामंजी दर पाच मिनिटांनी विचारायचे. काटा उजवीकडे असेल तर बॅटरी भरतेय, डावीकडे असेल तर रिकामी होतेय. मी चोरून बघायचे. काटा डावीकडेच.

"मध्ये आहे, मामंजी."

"अजून मध्येच? वेग वाढव."

मी वाढवायचे, काटा मध्यावर यायचा. समोर म्हैस यायची, मी कमी करायचे, काटा डावीकडे. मामंजी पेट्रोलच्या काळजीने कुठलंसं स्तोत्र पुटपुटत होते, मधूनच थांबून विचारायचे, "डावीकडून काही येतंय का?" आणि पुन्हा स्तोत्र. माझी मान आखडली, पायात गोळे आले, पाठीला घाम चिकटला. समुद्राचा वारा एका खिडकीतून आत येऊन दुसरीतून निघून जात होता, मला न भेटता. नऊ वाजले. राहुकाळ संपला. मी म्हटलं, आता थांबू या का? मामंजी म्हणाले, "थांबलो आणि चालू नाही झाली तर ढकलायला इथे कोण आहे? समुद्र?"

दहाला पाच कमी असताना आम्ही मैदानावर पोचलो. अजूनपर्यंत इंजिन बंद पडलं नव्हतं. चार-पाच उमेदवार झाडाखाली उभे. सगळे पुरुष. इन्स्पेक्टर हातात पाटी घेऊन समोरून चालत आले, आणि त्यांनी ऊन लागल्यासारखा डोळ्यांवर हात धरला. ऊन त्यांच्या पाठीमागे होतं.

ते खिडकीशी आले. वाकले. तमिळमध्ये अगदी गोड आवाजात म्हणाले, "काय अम्मा, लग्नाची वरात निघालीय का? दिवसाढवळ्या दोन्ही मोठे दिवे लावून?"

मी खुंटीकडे बघितलं. सकाळी चोरून सरकवताना मी ती आत ढकलली नव्हती. आणखी एक टप्पा बाहेर ओढली होती. छोट्या दिव्यांचे मोठे केले होते. अडीच तास मरीनावर सगळं मद्रास मला ओरडून सांगत होतं, दिवे विझव, दिवे विझव, आणि मी मद्रासला बोटं दाखवत होते.

घाईने खुंटी ढकलायला मी पुढे वाकले. वाकताना पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. इंजिन एकदा हुंकारलं आणि बंद झालं.

अडीच तासांनंतर इतकी शांतता. मी बटण दाबलं. टक.

"हे दिवे लावले कोणी?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मी," मामंजी म्हणाले. "काल रात्री मीच गाडी नेली होती. विसरलो."

ज्यांना दिवसा म्हैस दिसत नव्हती त्यांनी रात्री गाडी नेली होती! इन्स्पेक्टरांनी त्यांच्या जाड चष्म्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि मी काय केलं? मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. त्या बाईने म्हाताऱ्याच्या डोक्यावर आळ बसू दिला, आणि वर अजून आशा, की बहुतेक पास करतील.

"चालवता बरं," ते म्हणाले. "पण बंद गाडीवर परीक्षा घेता येत नाही. पुढच्या सोमवारी या. बॅटरी घेऊन."

आपापल्या परीक्षा संपल्यावर झाडाखालच्या उमेदवारांनी ढकलून दिली. या वेळी क्लच पहिल्याच खेपेला जमला, आता त्याचा काही उपयोग नव्हता. आम्ही घराकडे निघालो. मामंजी म्हणाले, "काल शेडमध्ये काय करत होतीस?"

"हात दाखवत होते."

"कोणाला?"

"भिंतीला."

ते खिडकीकडे तोंड करून हसले. मग म्हणाले, "मी अम्माला सांगतो, इन्स्पेक्टर रजेवर होता. परीक्षा झालीच नाही, म्हणजे अट मोडली नाही."

फाटकाबाहेर गाडी थांबवली तेव्हा बारा वाजायला आले होते. दलाल आधीच येऊन ओसरीवर बसला होता, हातात डबरा, म्हणजे पसरट पितळी वाटी, त्यात वाफाळती कॉफी. अम्मा दारात. मी इंजिन बंद केलं, कारण आता चालू ठेवून काय करायचं होतं?

"झालीस पास?" अम्मांनी विचारलं.

मामंजींनी घसा खाकरला. "इन्स्पेक्टर आज..."

"नाही झाले," मी म्हणाले. कसं तोंडातून निघालं कोण जाणे. कदाचित पायात गोळे आले होते म्हणून, खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं. "दिवे माझ्याकडून चालू राहिले होते, अम्मा. काल मी गाडीत जाऊन बसले. तुम्ही नको म्हटलं होतं तरी. पुढच्या सोमवारी बोलावलंय."

दलालाने डबरा खाली ठेवला, गाडीला एक चक्कर मारली, खिडकीतून हात घालून बटण दाबलं. टक. त्याला फार आनंद झाला.

"बॅटरी मेली," तो तमिळमध्ये मामंजींना म्हणाला. "गिअरचेही दात गेले असणार. बायकांच्या हातात दिलं की असंच. आता मी हिला भंगारच्या भावाने नेईन, तेही तुमच्यासाठी म्हणून."

अम्मा एक पायरी उतरल्या.

"मेली? मग ती सव्वासातपासून आत्तापर्यंत कशी चालली?"

"कुठे चालली?"

अम्मांनी माझ्याकडे बघितलं. "अगो, कुठे कुठे गेलीस?"

"सांतोम ते मरीना. सहा चकरा. मग एग्मोर. मग घरी."

"राहुकाळात थांबलीस?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, अम्मा. पोलिसाने हात केला तरी इंजिन बंद पडू दिलं नाही."

अम्मा दलालाकडे वळल्या, आता तमिळमध्ये, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "मेलेल्या बॅटरीवर सगळा राहुकाळ न थांबता गाडी हाकली माझ्या सुनेने. तू हाकलीयस कधी? तुझ्याकडे तर चांगल्या बॅटऱ्या आहेत. गाडी विकायची नाही. पुढच्या सोमवारी तिची परीक्षा आहे."

"पण अम्मा, तुम्हीच तर मला बाराला..."

"कॉफी प्यालास ना? मग लाव हात. शेडमध्ये न्यायचीय."

तो खरंच उठला. त्याच्या जागी मीही उठले असते. इस्त्रीवाला आला, मामंजींनीही एक हात लावला. मी चाकामागे बसले, गिअर मोकळा केला. फाटकात शिरताना मी चाक जरा उशिरा फिरवलं आणि डावा मडगार्ड फाटकाच्या खांबाला करकरत घासत गेला. काळ्या रंगाचा हातभर पट्टा खांबावर.

मी डोळे मिटून घेतले. मागून अम्मांचा आवाज आला.

"वाकडं ढकललंस!" त्या दलालावर ओरडत होत्या. "एवढा मोठा गाड्यांचा व्यापारी आणि सरळ ढकलता येत नाही?"